आखाजी झाल्यावर पाहू

भुसावळ पाहिलं नाही असा माणूस भारतात सापडणं कठीण. फक्त पाहिलं तेव्हा तो वरच्या बर्थवर झोपलेला असतो, नाहीतर फलाटावर उतरून केळीवाल्याशी डझनाच्या भावावरून घासाघीस करत असतो. मुंबईहून हावड्याला जा, बनारसला जा, सुरतेहून नागपूरकडे निघा, आमच्या अंगणातून गेल्याशिवाय सुटका नाही. रस्त्याचंही तेच. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. म्हणजे अख्खा देश सदानकदा कुठेतरी फिरायला निघालेला, आणि आम्ही फलाटावर नाहीतर हायवेच्या कडेला उभे राहून त्याच्याकडे बघणारे. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांना जाताना पाहून माणूस एकतर विरक्त होतो, नाहीतर बेत आखायला लागतो. खानदेशी माणूस विरक्त होणं शक्य नाही. विरक्तीत शेवभाजी चालत नाही.

म्हणून आमच्याकडे सहलींचे बेत होतात. सहली होतात की नाही, ते पुढे येईलच.

मी जळगावचा आणि माझी सासुरवाडी धुळ्याची. मध्ये शंभरच्या आतलं अंतर, पण प्रवासाच्या बाबतीत ही दोन स्वतंत्र घराणी आहेत. जळगावकर रुळावरून विचार करतो. त्याच्यापुढे ‘काश्मीर’ म्हणा, तो डोळे मिटून ‘झेलम’ म्हणेल. ‘काशी’ म्हणा, तो ‘कामायनी की महानगरी?’ विचारेल. त्याला ठिकाणाशी फारसं देणंघेणं नसतं. गाडी कोणती, भुसावळला किती वाजता लागते, आणि ‘काय भो, सीट कन्फर्म आहे का?’ एवढ्यात त्याचं निम्मं पर्यटन उरकतं. धुळेकराचं मात्र रेल्वेशी जमलं नाही, आणि त्यात दोष त्याचा नाही. चाळीसगावहून निघालेला रेल्वेचा फाटा १९०० साली धुळ्यात आला आणि तिथेच थांबला. मनमाड-इंदूर रेल्वे धुळ्यावरून जाणार, हे ऐकत तिथल्या कित्येक पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. २०२४च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळानं त्या मार्गाला खरोखर मंजुरी दिली, तेव्हा धुळ्यात आनंद झालाच, पण निवडणुकीतला एक खात्रीचा विषय आता जाणार म्हणून काही जाणत्या मंडळींना हुरहुरही लागली. तर अशा परिस्थितीत धुळेकर एकच वाक्य शिकला: ‘गाडी करून टाकू.’ काशीला जायचं असो की कोपऱ्यावरच्या लग्नाला, गाडी करून टाकू.

या दोन घराण्यांची संयुक्त बैठक दरवर्षी आखाजीला भरते. बाकी महाराष्ट्र जिला अक्षय्य तृतीया म्हणतो आणि त्या दिवशी सोनं घेतो, ती आमच्याकडे आखाजी. सोनं आम्हीही घेतो. जळगावात राहून सोनं न घेणं म्हणजे शेजाऱ्यांना संशयाला जागा देणं. पण आखाजी मुळात लेकींची. सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पुरुषांना त्या दिवशी राजरोस पत्ते कुटण्याची मुभा असते. पूर्वीच्या बाईच्या आयुष्यात ‘सुट्टी घेऊन फिरायला जाणं’ म्हणावं असं हेच एक, आखाजीचं माहेर. तिला कुणी हनिमून पॅकेज दिलं नव्हतं.

तर बायको आधीच जाऊन बसलेली असते, आणि मी आमरसाचं आमंत्रण स्वीकारून दुपारी बाराला धुळ्यात पोचतो. बाहेर चव्वेचाळीस. आत कूलर. कूलरच्या तोंडासमोरची जागा सासऱ्यांची, म्हणजे आण्णांची. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस पोटात गेल्यावर कुठलाही शहाणा माणूस आडवा होईल, पण नेमक्या त्या घटकेला धाकटा मेहुणा म्हणतो, ‘यंदा कुठेतरी थंड जागी जाऊ.’ कूलरच्या घरघरीत हे वाक्य सगळ्यांना ऐकू जातं. एरवी ‘जरा पाणी आण’ म्हटलेलं कुणाला ऐकू जात नाही.

आण्णा लगेच वही मागवतात. तिच्याबद्दल सविस्तर सांगायला हवं. आण्णा शाळेतून निवृत्त झाले तेव्हा एक कोरा, लांबट हजेरीपट त्यांच्यासोबत घरी आला. त्यात मुलांच्या नावांच्या रकान्यात ते गावांची नावं लिहितात आणि तारखांच्या चौकटींत किलोमीटर. धुळे ते उज्जैन, धुळे ते द्वारका, धुळे ते अमृतसर. डिझेलचा खर्च वेगळ्या शाईत. टोलनाके लाल पेनानं. समासात ‘चहा’ आणि पुढे आकडा. डिझेलचे भाव बदलले की जुन्या आकड्यावर रेघ मारून वर नवा. उज्जैनच्या ओळीवर इतक्या रेघा आहेत की ते गाव आता वाचता येत नाही. हजेरीपटात इतकी गावं आहेत, पण ‘हजर’ची खूण फार थोड्यांपुढे आहे.

मेहुणा म्हणतो, ‘काश्मीर.’

आण्णा वहीतून मान वर न करता विचारतात, ‘तठे काय शे?’

तिथे काय आहे, या प्रश्नाला अजून कुणी उत्तर देऊ शकलेलं नाही. ‘बर्फ आहे,’ म्हणावं तर, ‘बरफ ते आठे बी भेटस.’ गोवा म्हणावं, समुद्राचं नाव काढावं, तर, ‘समुद्र ते मुंबईले बी शे.’ राजस्थान म्हटलं की ते नुसते खिडकीबाहेर बघतात. तिथे ऊन आणि धूळ दोन्ही असतं आणि ते बघायला पैसे पडत नाहीत. एकदा माझ्या बायकोनं सिंगापूरचं नाव काढलं. आण्णांनी प्रामाणिकपणे विचारलं, ‘कितला किलोमीटर शे?’ आणि पेनाचं टोपण काढलं.

मी जळगावच्या बाजूनं विमानाचा मुद्दा मांडला. आमच्या विमानतळाचं उद्घाटन २०१२ साली तेव्हाच्या राष्ट्रपती, आमच्याच जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. पुढे बरीच वर्षं तो शांत होता. मग अधूनमधून विमानं आली-गेली, आणि २०२४मध्ये गोवा, हैदराबाद, पुणे अशी सेवा सुरू झाली. सकाळी केळीच्या बागेवरून उडायचं आणि दुपारी समुद्रात पाय! ही कल्पना ऐकून घरातले सगळे क्षणभर गप्प झाले. मग सासूबाईंनी विचारलं, ‘सामान किती नेऊ देतात?’ मी म्हणालो, ‘माणशी पंधरा किलो.’ त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. बट्टीचं जाडसर पीठ, तुरीची डाळ, लसणाची चटणी, कैरीचं लोणचं, बिबडे, कळण्याचं पीठ, शेव, आणि ‘तिकडे कसलं मिळतंय कोण जाणे’ म्हणून अर्धा किलो काळा मसाला. कपडे धरलेच नव्हते. बेत तिथेच बारगळला.

हे हसण्यावारी नेऊ नका. खानदेशी माणूस गाव सोडतो तो गाव सोबत घेऊनच. आमच्याकडच्या यात्रा कंपन्यांचं सगळं यश आचाऱ्यावर अवलंबून असतं. बस कशी आहे, गाइड काय सांगतो, याची चौकशी कुणी करत नाही, ‘आचारी कुठला?’ एवढं विचारतात, आणि उत्तर आपल्या तालुक्यातलं आलं की पैसे भरतात. मग हरिद्वारच्या धर्मशाळेच्या अंगणात वरण-बट्टी होते, तुपाची धार पडते, आणि गंगेकडे पाठ करून पन्नास माणसं म्हणतात, ‘घरच्यासारखं झालं हो.’ घरच्यासारखंच हवं होतं तर घर काय वाईट होतं, असं माझ्या मनात येतं. पण बट्टी तोंडात असल्यामुळे ते मनातच राहतं.

ठिकाण ठरलं असं क्षणभर धरू. मग येतो महिना. आखाजी संपली की लग्नांचा उरलासुरला हंगाम, आणि खानदेशात लग्न चुकवलं तर त्याची शिक्षा पुढच्या पिढीला भोगावी लागते. जूनमध्ये कपाशीची लागवड. आमच्यातले निम्मे शेती करत नाहीत, पण ‘पेरणीच्या दिवसांत फिरतो’ असं म्हणवून घेण्याची कुणाची तयारी नसते. श्रावणात कानबाई, त्या दिवशी सुरतेचे, कल्याणचे, नाशिकचे सगळे भाऊबंद गावाकडे येतात, तेव्हा आपण उलट दिशेनं कसे जाणार? दिवाळीला कापूस वेचणीवर. थंडी म्हणजे भरीत. चैत्रात सप्तशृंगीचा गड. त्यामुळे आखाजीच्या बैठकीत ‘दिवाळीत जाऊ’ ठरतं, दिवाळीत ‘उन्हाळ्यात’, आणि उन्हाळा लागला की सगळे एका सुरात ‘आखाजी झाल्यावर पाहू.’

रेल्वेनं यात भर घातली. पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी करता यायचं. १ नोव्हेंबर २०२४पासून ती मुदत ६० दिवसांवर आली. जळगावी घराण्यावर हा मोठाच घाला होता. चार महिन्यांत माणसाला निवांत भांडता येई, रुसता येई, तिकीट काढून रद्द करता येई, पुन्हा समेट होई. दोन महिन्यांत काय होणार? माझ्या वडिलांच्या मते रेल्वेनं घरातली लोकशाही संपवली. मग उरतं तत्काळ. एसीचं दहाला, बिगरएसीचं अकराला, आणि त्या वेळेला घरातल्या चार मोबाइलांवर चार माणसं अशी वाकलेली असतात की पाहणाऱ्याला वाटावं, घरात कुणाचा निकाल आहे.

आता जवळच्या जागांबद्दल. त्या आम्ही पाहतो, पण पाहुण्यांसोबत. अजिंठ्याची लेणी जळगावपासून साठेक किलोमीटर. जिल्हा आमचा नाही, तरी पत्रावळीवरचं मीठ जसं कुणाचं विचारत नाहीत तशी ती आमचीच. ‘जळगावला उतरा आणि अजिंठा करा’ हे पर्यटकांना सांगितलं जातं, त्यामुळे पुण्याचे नातेवाईक आमच्यावर प्रेम करतात. ते येतात रविवारी रात्री. सोमवारी लेणी बंद असतात, हे त्यांना आमच्याकडे जेवण झाल्यावर कळतं, म्हणून ते मंगळवारपर्यंत राहतात. मग फर्दापूरला गाडी लावायची, तिथून लेण्यांच्या बसमध्ये बसायचं, आणि पद्मपाणीसमोर उभं राहून, ‘हो, हो, इथे फ्लॅश चालत नाही,’ असं घरच्या मालकासारखं सांगायचं. पाहुण्यांशिवाय, केवळ आपल्याला वाटलं म्हणून अजिंठ्याला गेलेला जळगावकर मला भेटायचा आहे. खरं तर पावसाळ्यात जावं. वाघूर भरलेली असते, घोड्याच्या नालासारख्या वळणावरचे कडे हिरवे होतात, आणि गर्दीही कमी. पण पाहुणे मेमध्येच येतात, कारण सुट्टी तेव्हाच असते, आणि आम्ही त्यांना रुमालात कांदा बांधून घेऊन जातो.

या लेण्यांकडे जगाचं लक्ष कसं गेलं ते पाहा. जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीला निघाला होता. तारीख २८ एप्रिल १८१९. एप्रिल अखेरचं इथलं ऊन ज्यानं भोगलंय त्यालाच या गोष्टीतला वेडेपणा कळेल. त्यानं बैठक घेतली नव्हती, किलोमीटर मोजले नव्हते, ‘तठे काय शे’ असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर नव्हतंच. आणि समोर लेणी निघाली. दहाव्या लेण्यात त्यानं खांबावरच्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. म्हणजे अजिंठ्याच्या पर्यटनाची सुरुवात आणि भिंतीवर नाव कोरण्याची सुरुवात एकाच दिवशी, एकाच माणसानं केली. दुसरी परंपरा आपण अधिक निष्ठेनं चालवली.

धुळ्याची व्यथा वेगळी. धुळ्याला हक्काचं थंड हवेचं ठिकाण होतं, तोरणमाळ. सातपुड्यात हजार मीटरांहून उंच, यशवंत तलाव, सीताखाई, शहाद्याहून वर जाणारा वळणावळणाचा घाट. १ जुलै १९९८ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि तोरणमाळ तिकडे गेलं. वाटणीत भावाकडे आंब्याचं झाड जावं तसं आण्णांना ते अजून बोचतं. नंदुरबार वेगळं झाल्याचं त्यांना काही वाटत नाही, पण ‘आपलं होतं’ म्हणताना त्यांचा आवाज बदलतो. आपलं होतं तेव्हा ते किती वेळा गेले, असं मी एकदा विचारलं. त्यांनी कूलरमध्ये पाणी आहे का ते पाहायला सांगितलं. गंमत अशी की वाटणीनंतर रस्ता लांबला नाही, डोंगर खचला नाही, हवा तशीच आहे. पण दुसऱ्या जिल्ह्यात जायचं म्हणजे ती सहल झाली, आणि सहल म्हटली की वही आली.

सांगायचं राहिलं ते म्हणजे या सगळ्या बैठकांत बायका कुठे असतात. त्या बट्ट्या तळत असतात. आमची वर्षानुवर्षं समजूत होती की बेत आखण्याचं अवघड काम आपण करतो, त्यांनी फक्त बॅगा भराव्या. मुक्ताईची पालखी कोथळीहून पंढरपूरला निघते, महाराष्ट्रातल्या सर्वांत लांबून येणाऱ्या पालख्यांपैकी ती एक. त्यात आमच्या घरच्या आत्याबाई किती वर्षं चालत गेल्या, पण त्यांनी कधी ‘तिथे हॉटेल कसं आहे’ विचारल्याचं आठवत नाही. तिथी ठरलेली, मुक्काम ठरलेले, टाळ घ्यायचा आणि चालू लागायचं. आम्ही म्हणत होतो, ती वारी आहे, ते काही फिरणं नव्हे. आता ते म्हणायची सोय राहिलेली नाही.

कारण १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं. सासूबाईंचं भजनी मंडळ आहे. पहिल्या आठवड्यात त्या वणीला जाऊन आल्या. आण्णांना वाटलं, देवदर्शन आहे, ठीक. मग शेगाव. मग एरंडोलजवळचं पद्मालय. मग माहूर. मंडळातल्या एका पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजींना तर २०२२पासूनच तिकीट नाही. त्या सगळ्यांत पुढे बसतात आणि कंडक्टरला गावातल्या बातम्या सांगतात. सामान म्हणाल तर प्रत्येकीची एक पिशवी. दशम्या, लोणचं, एक लुगडं जास्तीचं. यांनी काळा मसाला कधीच नेला नाही. ‘तिकडचं खाऊन बघतो की,’ असं सासूबाई मला म्हणाल्या, तेव्हा गोव्याच्या त्या पंधरा किलोंचा हिशेब मी मनातल्या मनात पुन्हा केला आणि माझ्या लक्षात आलं की लोणच्याची बरणी आण्णांसाठी होती. बट्टीचं पीठही.

यंदाच्या आखाजीला बैठक नेहमीप्रमाणे भरली. मेहुण्यानं या वेळी केरळ आणलं होतं. आण्णांनी नवं पान काढलं, रेघा आखल्या, धुळे ते कोचीचं अंतर मोबाइलवर पाहून चार आकडी संख्या लिहिली आणि तिच्याकडे आदरानं पाहत बसले. माझ्या वडिलांचा जळगावहून फोन आला की एर्नाकुलमला भुसावळहून थेट जायचं की कल्याणला गाडी बदलायची, ते आधी ठरवा. मेहुणा म्हणाला, गाडी करून टाकू. वडील फोनवरच तापले. जेवायची वेळ टळली तरी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण हाक मारणारं कुणी नव्हतं. सासूबाई, माझी बायको आणि भजनी मंडळ सकाळीच निघून गेलं होतं. आखाजी तर लेकींची. लेकी आईला घेऊन गेल्या. शहाद्याच्या एसटीत बसल्या आणि तिथून पुढे.

दीडच्या सुमारास फोन आला. डोंगरावर रेंज येत-जात होती, मागे बायकांचा गलका. ‘इकडे स्वेटर लागंल काय म्हणत होते ना, तसं काही नाही, पण वारा सुरेख आहे,’ अशी बायकोची बातमी तुटक तुटक पोचली. आण्णांनी फोन आपल्याकडे घेतला, स्पीकर लावला आणि सासूबाईंना सवयीनं विचारलं, ‘तठे काय शे?’

पलीकडे जरा विचार झाला असावा.

‘आठे तुम्ही नहीत,’ सासूबाई म्हणाल्या, आणि रेंज गेली.

आण्णांनी फोन टेबलावर ठेवला. कोचीच्या आकड्यावर रेघ मारली. मग मेहुण्याकडे न बघता मला म्हणाले, ‘जावईबापू, शहाद्याहून वर जायला शेवटची गाडी किती वाजता असते?’